सराफाने रिव्हॉल्व्हर बाळगावं का?

एका सराफ बंधूंचा प्रश्न आला आहे. त्यांचा मजकूर थोडक्यात असा: "तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. रात्री साडेआठला दुकान वाढवून गल्ला आणि थोडे दागिने घेऊन मोटरसायकलवर घरी जातो. वर्षभरात आमच्या भागात दोन सराफांना वाटेत लुटलं, एकावर कोयत्याने वार झाले. मी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा का? पत्नीचा ठाम विरोध आहे. धाकटा भाऊ टेक्सासला असतो, त्याच्या गाडीत कायम पिस्तूल असतं. चांगल्या माणसांच्या कमरेला हत्यार असलं की गुंड दबून राहतात, असं तो म्हणतो."

पोलीस खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. त्यातली सहा वर्षं शस्त्र परवान्यांच्या चौकशीत गेली आणि चार वर्षं फायरिंग रेंजवर पोरांना शिकवण्यात. तुमचं पत्र वाचल्यावर मानेवर वार झालेल्या एका सराफाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. अशा माणसांच्या दवाखान्यातल्या खाटेशी बसून मी जबाब घेतले आहेत. त्यामुळे तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. तरीही सांगतो: तुमच्यावर जो धोका आहे त्यासाठी रिव्हॉल्व्हर घेऊ नका. गावाबाहेर शेतात वस्ती करून राहणाऱ्या माणसाने हेच विचारलं असतं तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं. हा फरक का पडतो, ते नीट समजावून देतो.

हत्यार उपयोगी पडेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: हल्ला होणार हे तुम्हाला किती आधी कळतं आणि तेव्हा समोरचा किती अंतरावर असतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली लिहून ठेवलं आहे की सुरा घेऊन धावणारा धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आमच्या रेंजवर मी हाच प्रयोग लाकडी कोयता घेऊन करायचो. कोयत्याच्या धारेला गेरू चोळायचा, एका पोराला सात पावलांवर उभं करायचं आणि दुसऱ्याच्या कमरेला रिकामं रिव्हॉल्व्हर, वरून शर्ट बाहेर काढलेला. शिट्टी वाजली की पहिल्याने धावायचं, दुसऱ्याने हत्यार काढून खटका दाबायचा. शर्ट वर करायला एक हात जातो, होल्स्टरचं बटण घाईत सुटत नाही, नजर कमरेकडे वळते, आणि तेवढ्यात पांढऱ्या बनियनवर छातीपासून पोटापर्यंत गेरूचा पट्टा उमटलेला असतो. ही रोज सराव करणारी, वीस-बावीस वर्षांची पोरं होती, आणि शिट्टी वाजणार हे त्यांना ठाऊक होतं.

आता तुम्ही स्वतःला तिथे उभं करून बघा. साडेआठ वाजलेत, शटर खाली ओढलंय, वाकून कुलूप लावताय. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, खांद्याला बॅग, डोक्यावर हेल्मेट. मागून दोघं येतात. सात पावलं सोडा, दोन पावलांचंही अंतर नाही. रिव्हॉल्व्हर कमरेलाच राहतं आणि दागिन्यांसोबत तेही जातं. मग पुढच्या सराफाला लुटायला येणाऱ्यांच्या हातात ते असतं, आणि त्याच्या नंबरावरून पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

हत्यारबंद माणूस सोबत असूनही काही करता येत नाही, हे मुंबईने पाहिलेलं आहे. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होतं. मारेकरी टपून बसलेले होते, वेळ त्यांनी निवडलेली होती. ज्याने वेळ निवडली त्याच्या हातात पहिले दोन सेकंद असतात, आणि बहुतेकदा सगळा निकाल त्यातच लागतो.

शेतातल्या वस्तीचं गणित वेगळं. तिथे रात्री कुत्री आधी भुंकतात, अंगणात पावलं वाजतात, दारावर दगड पडतो, कडी एक-दोन मिनिटं तरी दम धरते. तेवढ्यात घरातली बाई-पोरं मागच्या खोलीत जातात आणि घरधनी बारा बोअरची बंदूक हातात घेऊन आतून आवाज देऊ शकतो. जवळचं पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर असतं. अशा तीन-चार अर्जांवर मी स्वतः शिफारस लिहिली आहे आणि त्याबद्दल आजही मनात शंका नाही. कोकणात रानडुकरांपासून भात-नाचणी राखायला शेतीसंरक्षणाचे परवाने दिले जातात, तेही रास्तच आहेत. विरोध माझा बंदुकीला नाही. शटरपाशी वाकलेल्या माणसाला ती वाचवत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता कायदा. इथे बऱ्याच जणांची समजूत अर्धवट असते, आणि ती महागात पडते. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत होता. आशय जवळपास तोच. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो. जबरी चोरीच्या वेळीही पोहोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच उरत नाही. जबरी चोरीतही मारहाण, अडवणूक किंवा त्यांची तातडीची भीती चालू आहे तोवरच तो टिकतो. चोरटा बॅग घेऊन पाठ फिरवून पळू लागला, तुम्ही तोवर सावरलात, रिव्हॉल्व्हर काढलंत आणि त्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर आरोपी तुम्ही असता. आणि लुटीच्या प्रकरणांत माणूस सावरतो तो बहुतेक याच क्षणी. संताप आलेला असतो, हात मोकळा झालेला असतो, पण हक्क संपलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात स्वसंरक्षणाची तत्त्वं फार समजुतीने मांडली आहेत. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक प्रतिकार तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्याचा सूर आहे. त्या प्रकरणात गोळी झाडणारा निर्दोष सुटला. पण तो सुटला सर्वोच्च न्यायालयात. तिथवर पोहोचण्याआधी जे घडतं ते आम्ही ठाण्यात बघतो. रिव्हॉल्व्हर मुद्देमाल म्हणून जप्त, रिकाम्या पुंगळ्यांचा पंचनामा, सगळं सीलबंद होऊन फॉरेन्सिक लॅबकडे, गुन्हा खुनाचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा, आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर. गोळी चुकून रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला लागली तर तिथून पुढे मला सांगवत नाही. बाजारपेठेतल्या रस्त्यावर साडेआठला माणसं असतातच.

तुमच्या पत्नी विरोध का करतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण त्यांचं म्हणणं ऐका, असं मी कळकळीने सांगेन. एका व्यापाऱ्याच्या घरी मी पंचनाम्याला गेलो होतो. परवाना रीतसर, माणूस सज्जन, रिव्हॉल्व्हर घेतलेलं दुकानाच्या रकमेसाठीच. ते लोखंडी कपाटात, घडी घातलेल्या साड्यांखाली असायचं. किल्ली देवघरातल्या खिळ्याला. घरातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक होती, कारण घरात किल्ल्यांच्या जागा सगळ्यांना ठाऊक असतातच. परीक्षेच्या निकालानंतर त्यांच्या मुलाने ती किल्ली घेतली. त्या कपाटासमोर बसलेल्या आईने मला एकच विचारलं, "साहेब, हे घरात नसतं तर?" मला उत्तर देता आलं नाही. त्या हत्याराने नऊ वर्षांत एकाही चोराला अडवलं नव्हतं. मनाची वाईट घटका पुष्कळदा टळून जाते, पण हाताशी भरलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर ती टळायला अवधीच मिळत नाही.

हे एका घरापुरतं नाही. तुमचे बंधू ज्या देशात राहतात तिथे २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या २६,३२८ जणांनी स्वतःचाच जीव घेतला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. बंदूक बाळगण्याच्या वादात गुंड आणि सज्जन यांचीच चर्चा चालते. घरातल्या खचलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही.

तरी तुमच्या बंधूंचं म्हणणं मी झटकून टाकत नाही, कारण त्यांच्या बाजूने खरी उदाहरणं आहेत. टेक्सासमध्येच, व्हाइट सेटलमेंट या गावातल्या चर्चमध्ये २९ डिसेंबर २०१९ ला एकाने प्रार्थनेच्या वेळी शॉटगन काढली. चर्चच्या स्वयंसेवी सुरक्षा पथकाच्या प्रमुखाने सुमारे सहा सेकंदांत एका गोळीत त्याला पाडलं. तो नसता तर किती माणसं गेली असती, कल्पना करवत नाही. पण दोन गोष्टी बघा. त्या सहा सेकंदांतही दोन माणसं गेली. आणि गोळी झाडणारा हा आयुष्यभर नेमबाजी शिकवत आलेला माणूस होता, शिवाय त्या दिवशी तो पहाऱ्यावरच उभा होता, कुलूप लावायला वाकलेला नव्हता.

दुसरं उदाहरण कोलोराडोतल्या अरवाडा गावचं, २१ जून २०२१ चं. एका माथेफिरूने पोलीस अधिकाऱ्याला गोळ्या घालून मारलं. जवळच्या दुकानातला एक नागरिक स्वतःचं पिस्तूल घेऊन धावला आणि त्याने हल्लेखोराला टिपलं. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाला दिसला तो रायफल हातात घेतलेला साध्या कपड्यांतला माणूस. त्याने गोळी झाडली आणि तो शूर माणूस गेला. हे वाचलं तेव्हा मी रात्रभर अस्वस्थ होतो. गोळीबाराची खबर मिळाल्यावर मीही धावत गेलेलो आहे. त्या क्षणी कोण सज्जन हे कपाळावर लिहिलेलं नसतं. समोर पाच जणांच्या हातात पिस्तुलं असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

हत्यारं वाढली की गुन्हे घटतात, हा दावाही तिथे तीसेक वर्षं चर्चेत आहे. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली सगळे अभ्यास तपासले आणि हत्यार बाळगण्याच्या सवलतीने गुन्हे कमी होतात किंवा वाढतात, यातलं काहीच उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही असा निष्कर्ष काढला.

शिवाय दोन देशांचा पायाच निराळा आहे. अमेरिकेत हत्यार हा घटनेने दिलेला हक्क. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने तो घरात मान्य झाला, २०२२ च्या ब्रुएन निकालाने घराबाहेर बाळगण्यापर्यंत गेला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेक लोकांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. आपल्याकडे हा विचार झालाच नाही असं मात्र नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने देश निःशस्त्र केला याची चीड गांधीजींनाही होती. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. घटनेत एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आलं ते शांततेने आणि विनाशस्त्र. फाळणीची कत्तल नुकतीच डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी हे ठरवलं. मला ते योग्यच वाटतं.

आपल्याकडचा खरा रोग वेगळा आहे. परवाना धोक्यासाठी कमी आणि रुबाबासाठी जास्त मागितला जातो. माझ्याकडे चौकशीला आलेल्या अर्जांत "जीवितास धोका" हे वाक्य सगळ्यांत असायचं. कुणापासून धोका, तक्रार कधी दिली, असं विचारलं की गप्प. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं लोकांना कळलं, आणि छाननी करून त्यातले बरेच रद्द करावे लागले. एवढ्या हत्यारांनी जिल्हा सुरक्षित झाला नव्हता. देशमुखांना तर मारहाण करून ठार केलं गेलं. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेलं होतं. परवाना एकाच्या नावावर असतो, पण हत्यार कुणाच्या हाती जाईल ते कागद ठरवत नाही.

एवढं वाचूनही अर्ज करायचाच असेल तर तो तुमचा अधिकार आहे. नीट माहिती घेऊन करा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी निर्णय देतात. ठाण्यातून चौकशी होते, चारित्र्य बघितलं जातं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार हाताळण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते केवळ दाखल्यापुरतं उरकू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. बाहेर नेताना ते होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती सांगेल त्याप्रमाणे ते ठाण्यात जमा करावं लागतं. आणि महिन्यातून निदान दोनदा रेंजवर जाणार नसाल, तर मी विनंती करतो, घेऊच नका. बेकायदा गावठी पिस्तूल, म्हणजे कट्टा, तर मनातही आणू नका. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीहून येणारे असे कट्टे मी हाताळले आहेत. ते धरणाऱ्याच्याच हातात फुटू शकतात, आणि तुरुंगवास तर ठरलेलाच.

मग करायचं काय? सराफावरचा हल्ला सहसा टीप मिळाल्याशिवाय होत नाही. किती वाजता निघतो, बॅग कोणत्या खांद्याला, सोनं कोणत्या दिवशी नेतो, हे कुणीतरी आतलं किंवा जवळचं सांगतं. मी तपास केलेल्या अशा गुन्ह्यांत बहुतेक वेळा धागा काढून टाकलेल्या नोकरापर्यंत किंवा समोरच्या टपरीवर रोज बसणाऱ्या पोरापर्यंत गेला. तेव्हा टीप देण्यासारखं काही शिल्लक ठेवू नका. दागिने रात्री घरी नेणं आजपासून बंद. काँक्रीटमध्ये बसवलेली चांगली तिजोरी दुकानात करा, तिचा खर्च रिव्हॉल्व्हरपेक्षा फार होणार नाही. ज्वेलर्स ब्लॉक नावाचा विमा मिळतो, त्यात दुकानातला आणि वाहतुकीतला माल दोन्ही येऊ शकतात. अटी मात्र ओळ न् ओळ वाचून घ्या. रोकड दुपारी तीनच्या आत बँकेत भरा आणि भरण्याची वेळ रोज बदला. कॅमेरा काउंटरवर असतोच, एक रस्त्याकडे तोंड करून लावा, कारण टेहळणी करणारा दोन-तीन दिवस आधी तिथेच दिसतो. नव्या नोकराची ठाण्यातून पडताळणी करून घ्या. ठाणेदारांना भेटून दुकानं वाढायच्या वेळेला बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाची, फेरी मागा. चार सराफ मिळून गेलात तर ती लवकर मिळेल.

आणि शटर कधीही एकट्याने लावू नका. एकाने कुलूप लावायचं, दुसऱ्याने शटरला पाठ टेकून रस्त्याकडे बघत उभं राहायचं. हातात फोन, ११२ दाबायच्या तयारीत. दुसरा माणूस नसेल तर शेजारच्या दुकानदाराशी ठरवून दोघांनी एका वेळी दुकानं वाढवा. एवढं करूनही कुणी कोयता काढलाच तर बॅग त्याच्यापासून लांब फेकायची आणि उलट दिशेला चालू लागायचं. त्याला बॅग हवी असते. तो तिकडे वळतो, तेवढ्यात तुम्हाला ती सात पावलं मिळतात.

हा बॅग फेकण्याचा सराव घरी अंगणात पाच-सहा वेळा करून बघा, पत्नींनाही सोबत घ्या. पट्टा खांद्यावर आडवा अडकवत असाल तर ती सवय मोडा, कारण तसा पट्टा ऐन वेळी निघत नाही आणि ओढाताणीत वार होतात. ज्या सराफांवर वार झाले त्यांची बॅग कशी अडकवलेली होती, हे जमलं तर विचारून मला कळवा.